अंतोनीच्या पायाशी

आधी कबुली देते, मग प्रवास सांगते. मारियाबाईंची लेक त्यांना वर्षातून एकदाच भेटते, जूनच्या तेरा तारखेला, आणि तो एकुलता एक दिवस मी माझ्या हातांनी जवळजवळ मोडीत काढला होता. वाईट हेतूनं नाही, सत्यासाठी. सत्याच्या नावाखाली माणसं काय काय मोडतात यावर एक पुस्तिका निघू शकेल, पण ती दुसऱ्या कुणीतरी लिहावी. मला सध्या तोंड नाही.

मी वसईची. आमच्या चर्चच्या गटात पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. ‘मिरवणुकीतला डीजे बंद करा.’ ‘तळ्यात प्लास्टिकची फुलं टाकणारे हात कोणाचे?’ असली. एका पानात मावेल तेवढंच बोलायचं, ठळक बोलायचं, आणि वाचणाऱ्याला थोडी लाज वाटली पाहिजे असं बोलायचं, एवढं माझं शिक्षण. आमच्याकडे पालक संताचा सण म्हणजे चर्चवर रोषणाई, बँड, मैदानात जत्रा आणि घरोघरी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, नि इंद्याल. इंद्याल म्हणजे डुकराचं आंबट-तिखट मांस. हे लक्षात ठेवा, पुढे माझी त्यावरून फजिती होणार आहे. या सगळ्या दणक्यात संत कुठे असतो? वेदीच्या बाजूला, बल्बच्या माळांत, एकटा. हे मी पत्रकात लिहिलं तेव्हा आमच्याच गल्लीतल्या काकूंनी मला महिनाभर केळी दिली नाहीत.

म्हणून साताऱ्याच्या फादर सायमन यांचा फोन आला तेव्हा मी हरखले. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर संत अंतोनीचं छोटं देऊळ आहे, सणाला वाटायला संताचं एक पानी चरित्र हवं आहे, लिहाल का? बँड नाही, रोषणाई नाही. मी म्हटलं, लिहीन, पण बघितल्याशिवाय नाही.

सातारा

साताऱ्यात सकाळी उतरले तेव्हा अजिंक्यतारा जागेवर नव्हता. ढगात गेला होता. चहावाल्याला विचारलं तर तो गाळणी आपटत म्हणाला, “येतोय की धाच्या सुमाराला.” जसा काही किल्ला नदीवर अंघोळीला गेलाय. आणि खरंच दहाला आला, ओला, हिरवट, अजून अर्धा झोपेतला. मी चर्चच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. वसईत मला असं बसता येत नाही. बसलं की काहीतरी बंद करावंसं वाटतं.

फादर तरुण, नुकतेच ईस्टरनंतर बदलून आलेले. त्यांनी स्वतःही ती वस्ती एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा मूर्ती तिथे नव्हती. ईस्टरआधीच्या उपासकाळात तिचा हात निखळला म्हणून दुरुस्तीला माधवनगरला पाठवली होती. ती घेऊन मी एसटीनं वस्तीवर जायचं, असं ठरलं.

“सात घरं आहेत आपली,” फादर म्हणाले. “मारियाबाई देऊळ सांभाळतात. सणाला धनगर मेंढरं घेऊन येतात. कोकणातून परत येताना. मी पाणी शिंपडायचं, अशी रीत आहे म्हणे. मारियाबाईंची मुलगी त्याच धनगरांत दिलीय. म्हणजे दिली नाही, गेली, सात वर्षांपूर्वी. शाळेतलं प्रेम. सासरे कडक आहेत, एरवी इकडे पाठवत नाहीत. मेंढरांना हे मंत्रलेलं पाणी हवं म्हणून कळप इथे थांबतो, तेव्हा ती आईला भेटते.”

“आणि जाताना?”

“दिवाळीनंतर कोकणात उतरताना खालच्या वाटेनं जातात. ही वस्ती लागत नाही.”

मी वहीत लिहून घेतलं, ‘मेंढरं. पाणी. दिवाळीनंतर कोकण. मुलगी?’ प्रश्नचिन्ह तेवढं माझं. पत्रकात याला जागा नाही असं तेव्हा वाटलं.

माधवनगर

सांगलीच्या अलीकडे माधवनगर. कधीकाळी कापडाच्या गिरण्यांचं गाव. मूर्ती दुरुस्त करणारे दत्तूकाका निम्मं आयुष्य तिथल्या मागावर होते. गिरणी थांबली तशी त्यांनी गणपती रंगवायला घेतले. त्यांची शेड लांबच लांब, पत्र्याची, आणि तिच्यात जूनचा प्रकाश पिठासारखा पसरलेला. त्या प्रकाशात रंग न दिलेले पांढरेफेक गणपती रांगेनं बसले होते. डोळे नाहीत, गंध नाही, नुसते वाट बघणारे. आणि मधोमध, एका उपड्या बादलीवर, दाढीवाला एक म्हातारा हातात काठी घेऊन उभा. काठीला घंटा. तो त्या सगळ्यांचा हेडमास्तर वाटत होता.

क्षणभर मला वाटलं, इथेच राहावं. पावलं वाजवू नयेत, पत्रक लिहू नये, काही नको.

“या ताई,” दत्तूकाका म्हणाले. “हात बसवला बगा झकास. पर एक घोटाळा झालाय.”

“कसला?”

“ह्येच्या पायाशी मेंढरू व्हतं. लय पुटं चढलेली, चुन्याची, रंगाची. म्हटलं खरवडून नीट करू. खरवडलं, तर नाक निघालं की वो.”

“मेंढराला नाक असतंच.”

“असलं न्हाई,” काका म्हणाले, आणि फडकं बाजूला केलं.

चपटं, गोल, दोन भोकांचं नाक. आखूड पाय. पिळाची शेपूट. चुन्याच्या लोकरीखाली कितीतरी वर्षं एक डुक्कर निवांत बसलं होतं.

मला हसू आलं आणि लगेच अंगात संचारलं. कारण मला ठाऊक होतं. अंतोनी नावाचे दोन संत. एक पादुआचा, तरुण, हातात बाळ येशू. त्याच्या नावानं गरिबांना पाव वाटतात, त्याचा सण तेरा जून. दुसरा त्याच्या कितीतरी शतकं आधीचा, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटातला म्हातारा साधू; काठी, घंटा, पायाशी डुक्कर, जनावरांचा राखणदार. त्याचा सण सतरा जानेवारी. म्हणजे कुण्या जुन्या मिशनरी फादरनं देऊळ एका अंतोनीच्या नावानं बांधलं, आणि मूर्ती आली दुसऱ्याची! डुकरावर कुणीतरी चुना थापला, आणि वस्ती पिढ्यान्‌पिढ्या एका संताच्या दिवशी दुसऱ्याला फुलं वाहत बसली.

मी तिथूनच फादरना फोन लावला.

“मग जूनमध्ये आपण नक्की कुणाचा सण करतोय?” फादर गोंधळून म्हणाले.

“तेच तर म्हणतेय मी!”

पलीकडे त्यांनी कॅलेंडरची पानं उलटली. मग म्हणाले, “पत्रकात खरं तेच लिहा. पुढच्या वर्षीपासून सतरा जानेवारी. मी सणाच्या दिवशी जाहीर करतो.”

दत्तूकाका ब्रश धुता धुता सगळं ऐकत होते. “ताई, मी परत लोकर काढून देतो. अर्ध्या तासाचं काम. कशाला उगाच?”

“नाही काका. जे आहे ते आहे. गुलाबी रंग द्या.”

“गुलाबी?”

“डुकराचा रंग गुलाबी असतो.”

“आमच्याकडं काळा असतोय,” काका म्हणाले. पण दिला गुलाबी. माझ्यासमोर, हळूहळू, तोंड न उघडता. मग बारीक ब्रशनं डोळा काढला, आणि डुक्कर एकदम माझ्याकडे बघायला लागलं.

संध्याकाळी सांगलीत पत्रक छापून घेतलं. मथळा माझाच: ‘आपला अंतोनी कोणता?’ खाली, ठळक अक्षरात: ‘खरा सण १७ जानेवारीला!’ उद्गारचिन्ह मीच टाकलं. शाईचा वास घेत गठ्ठा छातीशी धरला आणि रात्री लहान मुलासारखी झोपले.

एसटीत

संत चादरीत गुंडाळला होता, दाढीपर्यंत. त्याला खिडकीशी बसवलं. कंडक्टर आला.

“ह्ये कोन?”

“संत आहेत. मूर्ती.”

“वय?”

“काय?”

“वय इचारतोय. पंच्याहत्तरच्या पुढं असतील तर फुकट.”

“सतराशेच्या आसपास.”

“आधार कार्ड?”

मागच्या सीटवरची बाई खो खो हसली. “आरं भाड्या, त्येच्या आधारावर तर एसटी चाललीया तुझी!”

कंडक्टरनं संताला हात जोडले, मला बायकांचं अर्धं तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला.

विट्यानंतर ऊस संपतो. एकदम नाही संपत. आधी विरळ होतो, मग एखाद्या विहिरीभोवती तेवढा उरतो, मग नुसती बांधावरची बाभूळ. रंग हळूहळू निघून जातो, धुतलेल्या लुगड्याचा जावा तसा. वर ढग होते, खूप होते, सगळे पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालेले. पण ते इथे थांबत नाहीत. त्यांची सावली माळावरून सरकत जाते, मेंढरांसारखीच, एका टेकडीवरून उतरून दुसरीवर चढते, आणि जमीन कोरडीच राहते. मला डुलकी लागली. संताचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. अर्धवट झोपेत वाटलं, आम्ही दोघं कधीपासून असे चाललोय. हा त्याच्या वाळवंटात, मी माझ्या, आणि खिडकीतून येणारी गरम हवा दोघांना सारखीच लागतेय. काठीची घंटा खड्ड्याखड्ड्याला किणकिणत होती. आजूबाजूला कुणी बोलत नव्हतं. घंटा ऐकत सगळी गाडी पेंगत होती.

माणातली वस्ती

वस्तीचं नाव सांगत नाही. मी लिहिलं की लोक बघायला जातात आणि मग मलाच तिथं ‘गर्दी बंद करा’चं पत्रक काढावं लागेल.

देऊळ म्हणजे चुन्यानं रंगवलेली एक खोली, वर लोखंडी क्रूस, पुढे मोठा कडुलिंब. तिथली सण करायची तऱ्हा माझ्या मनासारखी. सणाच्या आधी सातही घरांतली माणसं मिळून भिंती चुन्यानं रंगवतात, ज्याचा मुंबईतला मुलगा आला असेल तो शिडीवर. पाव मिळत नाही म्हणून बाजरीच्या तळहाताएवढ्या भाकरी करतात आणि जो येईल त्याच्या हातावर ठेवतात. ‘अंतोनीची भाकरी’ म्हणतात तिला. मागणं कागदावर लिहीत नाहीत. देवळाच्या उंबऱ्याशी खडा ठेवतात आणि पुरं झालं की उचलून नेतात. मी खडे मोजायला गेले तेव्हा मारियाबाई म्हणाल्या, “मोजू न्हाई ते. लोकांच्या मनातलं असतंय.”

मारियाबाई साठीच्या, काटक, डोईवरचा पदर दातात धरून बोलणाऱ्या. मला बघितल्या बघितल्या त्यांनी आधी हुलग्याचं माडगं दिलं, गरम, पातळ, लसणाचं. कुळीथ आमच्याकडेही खातात, पण हे नुसतं खाणं नव्हतं. दिवसभराची धूळ आतून धुऊन निघाली.

“उद्या येनार माझी रोजा,” त्या म्हणाल्या. “काल पलीकडच्या गावात मेंढरांचा वाडा बसला हुता म्हनं. कोन तरी सांगून गेलं. पोरीच्या केसांत मी तेल घालती बग, वर्सातनं एकदा. बाकीचं वरीस ती कशी घालती कुनास ठाऊक.”

आणि त्यांनी मूर्तीची चादर सोडली.

आधी त्यांनी संताचा हात बघितला, कुरवाळला. मग खाली बघितलं. बोटानं ते गुलाबी नाक चाचपलं. मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

“ह्ये काय केलंस गं पोरी?”

मी सगळं समजावून सांगितलं. दोन अंतोनी. मिसर, पादुआ. चुन्याची पुटं. पत्रकही दाखवलं. त्यांनी ते वाचलं. बोट ठेवून, सावकाश. ‘१७ जानेवारी’वर बोट थांबलं.

“जानेवारीला रोजा कुटं असती ठाव हाय का तुला?”

 माझ्या वहीत होतं ते.

“चिपळूनच्या खाली. भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायला. हितं तवा चिटपाखरू नसतंय.” त्यांनी कागदाची घडी घातली. “आन उद्याचं ऱ्हाऊ दे. उद्या तिच्या सासऱ्यानं ह्ये ध्यान बघितलं, ‘डुकराच्या देवाकडं मेंढरं न्हेत न्हाई’ म्हनाला, तर वाट मोडली. कायमची. मेंढरं न्हाईत तर रोजा न्हाई.”

“पण खरं ते...”

“तुझं खरं हाय, बाई. मी कुटं न्हाई म्हनती? पर तुझं खरं एका कागदाचं. माझी लेक वर्साची.”

मी पत्रकं लिहिते. मला उत्तरं पाठ असतात. तरी मी ते पत्रक परत गठ्ठ्यात खोचलं.

बराच वेळ दोघी कडुलिंबाखाली बसलो. सूर्य मावळत होता आणि सगळा माळ बाजरीच्या भाकरीच्या रंगाचा झाला होता. मारियाबाईंनी मधेच विचारलं, “दोगं एकाच नावाचे, म्हनलीस?”

“हो.”

“मग येऊ द्यात की दोगं. भाकरी एकाची, मेंढरं दुसऱ्याची. एका मांडवात दोन लग्नं लागत न्हाईत व्हय?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि घोंगडीतून उरलेली लोकर आणली, कच्ची, करड्या रंगाची, तेलकट वासाची.

आणि मग, प्रिय वाचकहो, ‘जे आहे ते आहे’ म्हणणारी मी, त्या गुलाबी डुकराला पिठाच्या खळीनं लोकर चिकटवत बसले. नाकावर जरा जास्तच.

तेरा तारीख

सकाळी आधी काही दिसलं नाही, ऐकू आलं. शेकडो लहान घंटा, खूप लांब, पाण्याखाली वाजाव्यात तशा. मग पश्चिमेच्या टेकडीची कड हलायला लागली. माळच उठून चालत येतोय असं वाटलं. धूळ पुढे, धुळीत पाठी, पाठींवर सकाळचं पिवळं ऊन. त्यांच्या मधोमध एक घोडी, तिच्यावर सगळं बिऱ्हाड, बिऱ्हाडावर दोन कोंबड्या आणि एक कोकरू, डोळे मिटून झुलत. आणि घोडीच्या लगामाशी हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई. ती पळत नव्हती. कळपाच्या चालीनंच येत होती. पण मारियाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आठवतो.

पुढे होते सासरे, बिरा आण्णा. उंच, लाल पटका, खांद्यावर घोंगडं. फादर पोहोचले होते, तांब्याची घागर आणि कडुलिंबाची डहाळी घेऊन उभे. मूर्ती झाडाखाली चौरंगावर. मी तिच्या शेजारी, गठ्ठा काखेत, पहारेकऱ्यासारखी.

आणि वारा सुटला.

माणचा जूनमधला वारा ज्यानं सोसलाय त्यालाच कळेल. टोप्या उडाल्या, फादरांचा झगा छत्रीसारखा फुगला, आणि डुकराच्या नाकावरची लोकर अल्लद सुटली, हवेत एक गिरकी घेतली आणि बिरा आण्णांच्या पटक्यावर जाऊन बसली.

आण्णांनी ती हातात घेतली. बोटांत चुरून बघितली. “माझीच मेंढी,” म्हणाले. मग मूर्तीपाशी आले, वाकले, आणि डुकराच्या डोळ्यात डोळा घालून बघू लागले. मागे सगळी माणसं थांबली. रोजा घोडीजवळच उभी. तिनं एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा आईकडे.

“ह्ये कोन?” आण्णांनी विचारलं.

मारियाबाईंनी पदर दातात धरला. फादर घसा साफ करत होते. म्हणून मीच म्हणाले, “डुक्कर.”

“ते दिसतंय. ह्येचं नि त्येचं काय?” त्यांनी काठीनं संताकडे दाखवलं. “राखतो का खातो?”

मला कुणी इतका नेमका प्रश्न आजवर विचारला नव्हता. एका पानात मावणारा.

“राखतो,” मी म्हणाले. “असं सांगतात, की एक आजारी पिल्लू होतं, आंधळं. यानं बरं केलं. मग ते जन्मभर घंटेच्या नादावर याच्या मागं मागं फिरलं. म्हणून काठीला घंटा.”

आण्णा पाठ सरळ करून उभे राहिले. “मग राखनाराच हाय की. जनावर कुटलं का असंना.” मागे वळून ओरडले, “सोडा रं मेंढरं!” मग परत माझ्याकडे: “तू कुटली?”

“वसईची. आम्हीपण याच धर्माचे.”

“तुमच्याकडं राखत्यात का खात्यात?”

मी ओठ चावला. “खातो.”

“आगं बया, खरं बोलती की गं!” एक म्हातारी धनगरीण टाळी वाजवून म्हणाली, आणि सगळी वस्ती हसली. फादरही. मारियाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या चालत निघाल्या होत्या, घोडीकडे.

मेंढरांना पाणी शिंपडणं म्हणजे काय ते कुणाला सांगून कळणार नाही. फादर डहाळी बुडवतात, हवेत फेकतात, थेंब उन्हात चमकतात, आणि खाली लोकरीची नदी वाहत जाते, बें बें करत, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकत. आण्णांनी चिमूटभर भंडारा संतावर उधळला. फादरांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा अंतोनीची दाढी पिवळी झाली होती, डुकराचं नाकही. कुणाच्याही धर्माला काही झालं नाही. मी मात्र तिथे उभी होते आणि बऱ्याच दिवसांनी मला काही बंद करावंसं वाटत नव्हतं.

कडुलिंबाच्या पलीकडे रोजा आईच्या पायांशी बसली होती, केस मोकळे. मारियाबाई बोटं तेलात बुडवून भांग काढत होत्या. दोघी काही बोलत होत्या का, मला ऐकू आलं नाही.

भाकरी वाटून झाल्या, माडगं वाढलं गेलं. आण्णांनी वाटी खाली ठेवली आणि फादरना विचारलं, “म्होरल्या सालीबी तेराच न्हवं?”

फादरांनी माझ्याकडे बघितलं. काखेतल्या गठ्ठ्याकडे. “सांगा तुम्ही,” म्हणाले. “तुमच्या पत्रकात आहे.”

कडुलिंबाखालचा तेलाचा हात थांबला.

“पत्रकात सतरा जानेवारी लिहिलंय,” मी म्हणाले. “मीच लिहिलंय. आणि मी ते वाटणार नाही.”

“पण खरं आहे ना ते?”

“खरं आहे, फादर. पण ते लिहिताना मी इथे आले नव्हते.”

“जानेवारीला?” आण्णा म्हणाले. “तवा आमी कोकनात.”

“हो ना,” फादर अवघडून म्हणाले. “पण आण्णा, संताचा दिवस तो आहे. मला नियम पाळायला लागतात. जूनमध्ये पाणी शिंपडायला कदाचित मी नसेन.”

“नसा की.” आण्णा उठले, घोडीपाशी गेले, तिचा पट्टा चाचपू लागले. पट्टा नीटच होता. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, “कोकनात पानी लय हाय, फादर. आमी काय पान्यासाठी वाट वाकडी करतो व्हय, सात वर्सं?”

 एक कोकरू कुठेतरी आईला शोधत ओरडत होतं. रोजानं पदर तोंडाला लावला.

फादरांनी घागर खाली ठेवली. जरा वेळानं म्हणाले, “मी येईन. तेरालाच. दोन अंतोनींपैकी एकाचा तरी दिवस आहेच तो.”

मारियाबाई उठल्या. तेलाचे हात लुगड्याला पुसले, माडग्याचं पातेलं उचललं, आणि पदर सावरत घोडीजवळ गेल्या. रोजा मला नंतर म्हणाली, या सात वर्षांत त्या दोघांत सरळ बोलणं असं झालंच नव्हतं. निरोप तिच्यामार्फत, तेही ‘तुझ्या आईला सांग’ असे.

“आवं,” मारियाबाई म्हणाल्या, “आनिक वाढू का?”

आण्णांनी वळून वाटी पुढे केली. बघत मात्र होते मेंढरांकडे.

“वाढा की, इनबाई.”

इनबाई. विहीणबाई. मारियाबाईंनी वाढलं. वाटी भरली, काठावरून माडगं आण्णांच्या बोटांवर आलं, मनगटावरून खाली मातीत ठिबकू लागलं, आणि त्या वाढतच राहिल्या.